पाकिटावरची सही

संशय घ्यायलासुद्धा थोडी बुद्धी लागते, आणि उत्तरेश्वर नाईकवाडीकडे ती गरजेपेक्षा जरा जास्तच होती. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट टाकली, तर हा घरी येऊन मेथीची जुडी सोडून बघायचा. सोसायटीच्या चेअरमनने हसून नमस्कार केला, की याला वाटायचं, नक्की काहीतरी काम काढलंय. तेर हे गाव सोडून पुण्यात येऊन बारा वर्षं झाली होती, खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीत चांगली नोकरी होती, मांजरीत भाड्याचा का होईना पण नवा फ्लॅट होता, शालूसारखी समजूतदार बायको होती. पण हा माणूस एक दिवस निवांत चहा पिईल तर शपथ!

दोन हजार अकराच्या जुलैमध्ये कंपनीत अमेरिकेतल्या एका बँकेचं मोठं काम आलं. सप्टेंबरच्या मध्यावर सुरू व्हायचं होतं, आणि बँकेची अट अशी की प्रोजेक्ट मॅनेजर हवा तर सर्टिफिकेटवालाच हवा. साहेब होते दत्तप्रसाद सर. त्यांनी उत्तरेश्वर आणि रविराज या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही दोघंच त्या खुर्चीच्या जवळपास आहात," ते म्हणाले. "ऑगस्टअखेर ज्याच्या हातात सर्टिफिकेट, त्याची खुर्ची. दोघांच्या हातात असलं, तर मग मी बघेन."

त्या 'मी बघेन'वर उत्तरेश्वरने दोन दिवस विचार केला.

ऑगस्टअखेरची घाई साहेबांची नव्हती, परीक्षेचीच होती. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या त्या परीक्षेचा साचा एकतीस ऑगस्टपासून बदलणार होता. जुन्या परीक्षेत नीतिमत्तेचा एक वेगळा विभाग असे. तेवढी पानं घोकली की हमखास गुण. नव्या परीक्षेत म्हणे तो विभागच काढून टाकला होता आणि नीतिमत्ता सगळ्या प्रश्नांत मिसळली होती. आता आली का पंचाईत! कुठल्या प्रश्नात ती लपून बसलीय ते कसं ओळखायचं? त्यामुळे हडपसरपासून हिंजवडीपर्यंत जो तो एकतीसच्या आत परीक्षा उरकायच्या मागे लागला होता. उत्तरेश्वरला आधी ही बातमीच खोटी वाटली. क्लासवाल्यांनी बॅच भरायला उठवलेली आवई असणार, असं त्याचं मत. लक्ष्मी रोडवर 'शेवटचे दोन दिवस'चा फलक वर्षभर बघितलेला माणूस आणखी काय म्हणणार?

बातमी खरी निघाली. मग दोघं दर रविवारी रविराजकडे अभ्यासाला बसू लागले. रविराज मूळ मांजरीचाच. वडील हिंदुराव, उसाचे बागायतदार. आता निम्म्या उसाच्या जागी इमारती उभ्या होत्या, त्यातल्याच एकीत उत्तरेश्वर भाड्याने राहत होता. बंगल्याच्या व्हरांड्यात दोघं पुस्तकं मांडून बसायचे आणि हिंदुराव झोपाळ्यावरून बघत राहायचे.

"नाईकवाडी, लई शिकवा आमच्या रव्याला," एकदा ते म्हणाले. "तुमच्यासारखं डोकं आमच्यात कुनाचं न्हाय, असं त्योच म्हनत असतोय घरात."

दुसरा कुणी असता तर सुखावला असता. उत्तरेश्वरला प्रश्न पडला, हा माझी घरी एवढी स्तुती का करतो? याला माझ्याकडून काय हवंय? बापाची एवढी जमीन असताना याला त्या खुर्चीची हाव तरी कशाला?

तर आता त्या अर्जाचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. परीक्षेला बसायचं तर आधी अर्ज करायचा, आणि त्यात छत्तीस महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव दाखवायचा. उत्तरेश्वरचे भरत होते एकतीस. कितीही बोटं मोजली तरी एकतीसच. मंदीच्या वर्षी, दोन हजार नऊमध्ये, एप्रिल ते ऑगस्ट हे पाच महिने तो बेंचवर होता. बेंचवर म्हणजे कंपनी पगार देते पण काम देत नाही. सकाळी जायचं, कार्ड दाखवून आत शिरायचं, कँटीनच्या कोपऱ्यात बसून राहायचं, आणि आज कुणाला घरी पाठवतायत ते कान टवकारून ऐकायचं. उत्तरेश्वरने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, शालूलाही नाही. ते पाच महिने त्याने अर्जात रविराजच्या प्रोजेक्टवर दाखवले आणि खाली साक्षीदार म्हणून रविराजचं नाव टाकलं. त्याला न विचारता! दहा-वीस जणांत एखाद्याचीच तपासणी होते, असं सगळे म्हणत होते. कोण बघतंय?

जुलै संपता संपता अमेरिकेहून मेल आला. आपला अर्ज तपासणीसाठी निवडला आहे. निवड यदृच्छेने, म्हणजे कुठलाही एक अर्ज उचलून, झाली आहे.

"यदृच्छेने!" उत्तरेश्वर शालूला म्हणाला. "लाखभर लोक अर्ज करतात आणि नेमका मीच? कुणीतरी कळवलंय."

"कुणाला पडलीय?" शालू म्हणाली.

कुणाला ते उत्तरेश्वरला ठाऊक होतं. ज्याचा अर्ज तपासणीशिवाय सरळ पास होऊन चोवीस ऑगस्टची तारीखही मिळाली होती, त्याला.

तपासणीची पद्धत मोठी वस्ताद होती. साक्षीदाराने फॉर्म वाचायचा, 'हे खरं आहे' किंवा 'खरं नाही' यावर खूण करायची, हवं तर दोन ओळी लिहायच्या आणि सही करायची. मग फॉर्म पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं, आणि जिथे चिकटवलं त्या पट्टीवर अर्धी वर, अर्धी खाली अशी पुन्हा सही करायची. ते बंद पाकीट परत अर्जदाराच्याच हातात द्यायचं! अर्जदाराने सगळी पाकिटं एकत्र कुरियरने पाठवायची. पट्टी उघडलेली दिसली तर पाकीट बाद, आणि मजकूर खोटा ठरला तर वर्षभर बंदी. म्हणजे आपलं नशीब आपल्याच बॅगेत घेऊन फिरायचं, पण बघायचं मात्र नाही. उत्तरेश्वरसारख्या माणसाला छळायला याहून चांगला उपाय ब्रह्मदेवालाही सुचला नसता.

बाकी एकतीस महिन्यांच्या साक्षीदारांची दोन पाकिटं दोन दिवसांत मिळाली. ते महिने खरेच होते. तिसरा फॉर्म घेऊन उत्तरेश्वर रविराजच्या टेबलापाशी गेला. "तुझं नाव टाकलंय. सांगायचं राहून गेलं," एवढंच म्हणाला.

रविराजने फॉर्म वाचला. एका जागी त्याचे डोळे थांबले. मान वर करून त्याने उत्तरेश्वरकडे बघितलं, पुन्हा फॉर्मकडे बघितलं.

"ठेव. करतो," तो म्हणाला.

बास. ना 'अरे, हे पाच महिने कुठले', ना 'असं कसं लिहिलंस'. त्याने शिव्या घातल्या असत्या तर उत्तरेश्वरला बरं वाटलं असतं. हे 'ठेव, करतो' म्हणजे काय? तीन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दत्तप्रसाद सरांच्या काचेच्या केबिनमध्ये रविराज बसलेला दिसला. दोघं हसत होते आणि टेबलावर एक खाकी पाकीट होतं. पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने उत्तरेश्वर केबिनवरून चार वेळा गेला. बाटली पहिल्याच खेपेला भरली होती.

संध्याकाळी रविराजने पाकीट त्याच्या हातात दिलं. पट्टीवर निळ्या जेल पेनने ऐसपैस सही. "उघडू नकोस बरं का," रविराज हसून म्हणाला आणि गाडीची किल्ली फिरवत निघून गेला.

त्या 'बरं का'ने उत्तरेश्वरचं डोकं पोखरलं. का म्हणाला असेल? नियम मला माहीत नाही? की आत असं काही लिहिलंय जे मी वाचू नये? सरळ हिशेब होता. रविराजने आत 'खरं नाही' यावर खूण केली असेल, तर उत्तरेश्वर स्वतःच्या हाताने स्वतःवर वर्षाची बंदी कुरियर करणार होता. खुर्ची रविराजची. आणि वर रविराज म्हणणार, मी काय करू, नियम म्हणजे नियम! उत्तरेश्वरने पाकीट उजेडात धरलं. खाकी कागदातून काय दिसणार, कपाळ? मग वजन केल्यासारखं हातावर तोललं. मग कानाशी नेऊन हलवलं. शालू बघत होती.

"आत काय बोलतंय का?" तिने विचारलं.

शनिवारी सकाळी शालू दळण आणायला गेली, आणि उत्तरेश्वरने ठरवलं. चहाला आधण आलंच होतं, आलं घातलेलं. वाफेवर पाकीट धरलं की गोंद सुटेल, वाचू, आणि सगळं ठीक असेल तर पुन्हा चिकटवू. कुणाला कळतंय? त्याने पातेल्यावर पाकीट धरलं. गोंद सुटायला लागला, अगदी अलगद, पण त्याच्या आधी सही सुटली! जेल पेनची शाई ती. वाफ लागताच निळे ओघळ पट्टीवर पसरले आणि रविराजच्या ऐसपैस सहीचा बघता बघता एक मोठा डाग झाला.

आता मागे फिरून उपयोग नव्हता. त्याने फॉर्म बाहेर काढला.

'हे खरं आहे' यावर ठळक खूण होती. खाली रविराजने दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा अर्थ असा, की या पाच महिन्यांत प्रोजेक्ट अडचणीत असताना उत्तरेश्वरने तो तोलून धरला, आणि मी ज्या मोजक्या लोकांकडून शिकलो त्यांत तो पहिला आहे. ते पाच महिने उत्तरेश्वर कँटीनमध्ये बसून होता. रविराजला ते पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने लिहिलं होतं, स्वतःच्या सहीने, स्वतःचं नाव पणाला लावून.

उत्तरेश्वर ओट्याला टेकून खालीच बसला. त्याला भयंकर लाज वाटली. खरंच वाटली. चहा उतू जाऊन गॅस विझला तेही त्याला कळलं नाही.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं थोडंच आहे! दुपारी तो मोटारसायकल काढून थेट बुधवार पेठेत गेला. मनात काय, तर तसंच खाकी पाकीट आणायचं आणि पट्टीवर रविराजची सही आपणच ठोकायची. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात त्याने पाकिटं बघायला मागितली. हे नको, याचा रंग फिका. ते नको, त्याची पट्टी रुंद. दुकानदाराने सहा प्रकार काढले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"पाकिटात काय घालणार ते आम्ही विचारत नाही," तो म्हणाला. "पण मुलगी बघायला आल्यासारखं पाकीट बघायचं काही कारण?"

उत्तरेश्वरने मुकाट्याने डझनभर पाकिटं घेतली. गाडीच्या सीटवर वही ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाठ करून, त्याने रविराजची सही गिरवली. पंधरा वेळा, वीस वेळा. 'र' जमायचा तर पुढचा फराटा आखडायचा. त्या सहीत एक मोकळेपणा होता, तो याच्या हातातून उतरेच ना. शेवटी त्याने वहीचं पान टराटरा फाडलं आणि फॉर्मची नवी प्रत छापून घेऊन मांजरीचा रस्ता धरला.

वाटेत त्याने गोष्ट जुळवून ठेवली. हिंदुराव झोपाळ्यावर होते, रविराज व्हरांड्यात पुस्तक उघडून बसला होता. त्याचा मोबाइल टेबलावर होता.

"अरे, घोटाळा झाला," उत्तरेश्वर उभ्याउभ्याच म्हणाला. "पाकीट पावसात भिजलं. बॅगेतच होतं, पण शालूने बॅग गॅलरीत ठेवली. बघ, सही पसरली. दुसरी देतोस?"

रविराजने पाकीट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं.

"मांजरीत पावसाला आल्याचा वास कधीपासून यायला लागला?" त्याने विचारलं.

झोपाळा करकरायचा थांबला. उत्तरेश्वर खुर्चीत बसला.

"वाचलंस?"

उत्तरेश्वरने होकारार्थी मान हलवली.

"काय वाटलं होतं तुला? मी काय लिहिलं असेल?"

रविराजने नवा फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. तो चिडलेला नव्हता, आणि तेच फार वाईट होतं.

"ओके. आता नीट ऐक," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी काही विचारलं नाही. म्हटलं, जाऊ दे, मंदीत कुणाचं काय झालं नव्हतं? या वेळी विचारतो. एप्रिल ते ऑगस्ट, दोन हजार नऊ. तू कुठे होतास? माझ्या प्रोजेक्टवर होतो, असं तोंडाने म्हण. म्हटलंस की आत्ता सही करतो, पुन्हा विषय काढणार नाही."

एक वाक्य होतं फक्त. म्हटलं की सही, सही झाली की सोमवारी कुरियर, मग तारीख, मग खुर्ची. उत्तरेश्वरने तोंड उघडलं. आणि काय करावं या माणसाला, त्याची नजर गेली ती थेट टेबलावरच्या मोबाइलवर! रेकॉर्ड तर करत नसेल ना?

रविराजने ती नजर बघितली. त्याने मोबाइल उचलला, बंद केला आणि उत्तरेश्वरच्या हातात दिला.

"धर. तुझ्याकडेच ठेव," तो म्हणाला. आता मात्र त्याचा आवाज कापत होता.

झोपाळ्यावरून हिंदुराव उठले आणि काही न बोलता आत निघून गेले. जाताना त्यांनी उत्तरेश्वरकडे बघितलंही नाही.

उत्तरेश्वरने बंद मोबाइल हातात उलटासुलटा केला. मग म्हणाला, "बेंचवर होतो. पाचही महिने."

"मग एकतीसच होतात," रविराज म्हणाला. त्याने पेनाला टोपण लावलं. "खरं लिहिलं तर तुला बंदी येईल. अर्ज मागे घे. ही परीक्षा गेली, नवी दे. आणि मला खुर्ची मिळालीच तर माझ्याकडे ये. पाच महिने खरंच काम कर. फॉर्म मी तुझ्यासमोर भरेन, पाकीट तुझ्यासमोर चिकटवेन. आणखी काय करू ते सांग."

उत्तरेश्वरने मोबाइल टेबलावर ठेवला आणि उठला. बंगल्याच्या फाटकापर्यंत जाईतो त्याला रडू येत होतं. फाटकाची कडी लावताना मात्र मनात आलं, याच्या हाताखाली मला घेण्यात याचा काय फायदा असेल? त्याने स्वतःच्या मुस्काटात मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

घरी शालू कपड्यांच्या घड्या घालत होती. "झाली का सही?" तिने विचारलं.

"नाही होणार. अर्ज मागे घेतोय." तो पलंगाच्या कडेवर टेकला. "शालू, तुला एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी मंदीत मी पाच महिने बेंचवर होतो. काम नव्हतं मला. नुसता जाऊन बसायचो."

"माहीत आहे," शालू म्हणाली आणि पुढचा शर्ट घेतला.

तो ताडकन उठला. "माहीत आहे? कुणी सांगितलं? रविराजने?"

शालूचे हात थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"कुणी सांगायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "रोज संध्याकाळी बेल वाजवायच्या आधी तुम्ही जिन्यात उभे राहायचात. रुमालाने तोंड पुसायचात, हसून बघायचात, मग बेल दाबायचात. याच जाळीच्या दारातून मला ओट्यापाशी उभं राहून सगळं दिसायचं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

ती घड्यांचा गठ्ठा घेऊन आतल्या खोलीत गेली. मग पाय न वाजवता उत्तरेश्वर स्वयंपाकघरात गेला, ओट्यापाशी उभा राहिला, आणि मान वळवून त्याने दाराकडे बघितलं. जाळीतून जिना दिसत होता, अगदी वरच्या पायरीपर्यंत. तो वळला, तर मागे शालू उभी होती, आणि तो काय बघायला आला होता ते तिला कळलं होतं.